जनरेटरवाले काका

बाबा, परवा मी तुला मोबाइलमध्ये पाहिलं. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि तू अचानक माझ्या लेकीच्या हातातल्या फोनवर उभा. डोक्याला टॉवेल, अंगात ती निळी बंडी, आमच्याकडे पाठ. तू वाकतोस, जनरेटर बंद करतोस आणि बेंजो एकदम थांबतो. मग लोकांचा आरडाओरडा. तीस वर्षांपूर्वीच्या नारळी पौर्णिमेला आपल्या कोलशेतच्या जेटीवर कुणीतरी शूटिंग केलेलं, त्याची कॅसेट कुणाच्या तरी माळ्यावर सापडली आणि त्यातला हा तुकडा आता सगळीकडे फिरतोय. लेक हसत होती. एकोणीस वर्षांची आहे, ऑक्टोपॅड वाजवते, आणि त्यात वाजवणाऱ्या बेंजो पार्टीचं तिला आमच्यासारखंच वेड आहे. तिने विचारलं, "आई, तू कोलशेतचीच ना? हा खडूस माणूस कोण गं?" मी ओट्यापाशी बोंबील साफ करत होते. मान वर न करता म्हटलं, "काय माहीत."

तिने तुला ओळखलं नाही यात तिची चूक नाही. आमच्याकडे भिंतीवर तुझा जो फोटो आहे तो शेवटच्या आजारातला, गाल बसलेला. हा बंडीतला दणकट माणूस तिने कधी पाहिलाच नाही. पण मी तर तुझी मान मागून पाहिली तरी ओळखते. डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरात मी तुला ओळख दिली नाही, आणि का दिली नाही ते तुला माहीत आहे. तुझ्याशिवाय ते फक्त आईला माहीत होतं, आणि तीही आता नाही.

त्या पार्टीच्या चाहत्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. लेकीने मलाही त्यात घातलंय. गेला महिनाभर तिथे त्या दिवसाच्याच आठवणी चालल्यात. एकाने लिहिलंय, मी टिटवाळ्याहून आलेलो, चप्पल चिखलात गेली, तसाच अनवाणी नाचलेलो. शहाडच्या एका बाईंनी लिहिलंय की त्यांना सातवा महिना होता आणि सासू हात धरून मागे ओढत होती, तरी त्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. एकाला त्या गर्दीत त्याची बायको भेटली. वाचताना मलाही ते सूर ऐकू येतात, नाही असं नाही. पण प्रत्येकाची आठवण शेवटी तुझ्यावर येऊन आपटते. एवढं रंगात आलेलं आणि त्या काकाने वाट लावली. तुझं नाव पडलंय जनरेटरवाले काका. कुणाची सुट्टी रद्द झाली, कुणाच्या बायकोने पार्टीला जाऊ दिलं नाही, की खाली तुझा पाठमोरा फोटो टाकतात. मी एकूण एक मेसेज वाचते. कारण मी एकच गोष्ट शोधत असते. पाण्याबद्दल कुणी काही लिहिलंय का?

त्या दिवशी सकाळी होडी अजून वरच होती, चिखलाच्या कडेला, नवा रंग लावलेली. नारळाचा मान तेव्हा आपल्या होडीला होता, तुझ्या आजोबांपासून. सोनेरी कागद लावलेला नारळ आपल्याच होडीतून खाडीत जायचा. रंगाच्या दिवसांत होडीतलं पाणी निघून जावं म्हणून तळाचं बूच काढून ठेवलेलं असतं. ते परत बसवायचं काम तू मला दिलेलंस, आदल्या वर्षापासून. तेलात भिजवलेली चिंधी बुचाला गुंडाळायची, भोकात घालायची आणि लाकडी हातोड्याने ठोकायची, आवाज बद्द येईपर्यंत. जेटीवरच्या दोन म्हाताऱ्या तेव्हाच तोंडाला पदर लावून म्हणालेल्या की पोरीचा हात होडीला लावू नये, विषाची परीक्षा कशाला. तुला मुलगा नव्हता. तू हसून म्हणालास, "माझ्या पोरीचा हात हाय, पाणी ईल कसा?" हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

मी अकरा वर्षांची होते. चिंधी गुंडाळली, बूच भोकात घातलं, हाताने दाबलं, आणि तेवढ्यात जेटीवर कॅसिओवाल्याने आवाज तपासायला दोनच सूर वाजवले. कल्याणची ती पार्टी. तिच्या कॅसेटी आम्ही टेप खराब होईपर्यंत ऐकलेल्या, आणि आता ती माणसं खरोखरची, लाल सॅटिनच्या शर्टांत, आपल्या जेटीवर. हातोडा हातातच राहिला. ठोकते नंतर, असं मनात म्हटलं आणि धावले. पुढे तू विचारलंस, "झाला का गो?" मी म्हटलं, "झाला." बाबा, आयुष्यात मी खोटं बोलले असेन खूपदा, पण इतकं सोपं कधी गेलं नाही.

चारच्या सुमाराला भरती पूर्ण होती. आपली होडी आणि शेजारची होडी एकमेकींना बांधलेल्या, वर आडव्या फळ्या, फळ्यांवर मांडवातला लाल गालिचा. त्यावर पार्टी बसलेली, मागे जनरेटर. जेटीवर पाय ठेवायला जागा नाही, पोरं विजेच्या खांबावर चढलेली. मी अगदी पुढे, काठावर. कॅसिओवाला डोळे मिटून वाजवतोय, बेंजोवाला त्याच्याकडे बघून हसतोय, ढोलाचा ठोका माझ्या पोटात लागतोय. आणि मी तुझ्याकडे बघते. तू होडीत मागे उभा आहेस आणि पार्टीकडे बघत नाहीस. होडीच्या कडेकडे बघतोयस. मीही बघते. आपली बाजू शेजारच्या होडीपेक्षा वीतभर खाली गेलीय. तू वाकून गालिच्याचा कोपरा उचलतोस, फळ्यांच्या फटीत हात घालतोस. हात कोपरापर्यंत ओला होऊन बाहेर येतो. तू तो बंडीला पुसतोस. मग मान वर करून थेट माझ्याकडे बघतोस.

ती नजर मला आजही दिसते. रागाची नव्हती, हाच त्रास आहे. तू घाबरला होतास. तुला घाबरलेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि तेव्हाच मला कळलं की सात माणसं आहेत, एकालाही पोहता येत नाही, आणि तू पाणी म्हणून ओरडलास तर सातही जण एकाच बाजूला धावतील. तू ओरडला नाहीस. जनरेटर बंद केलास आणि जेटीवर कुणी बोलणार नाही इतक्या उर्मट आवाजात म्हणालास, "पुरं झाला. उतरा आता. एकेक जन." लोक शिव्या द्यायला लागले. कुणीतरी नारळाची करवंटी फेकून मारली, ती तुझ्या खांद्याला लागली. तू वळलासुद्धा नाहीस. एकेकाचा दंड धरून, चोराला उतरवावं तसं त्यांना उतरवलंस. कॅसिओवाला शेवटी. मग होडी सोडवून एकट्याने वल्हवत पलीकडच्या चिखलात नेलीस. लोकांना वाटलं, रुसून गेला.

संध्याकाळी आईने नारळीभात केला होता. चुलीपाशी आपण तिघंच. मला वाटलं मार बसेल, आणि खरं सांगते, मला तो हवा होता. तू कमरेला हात घालून ते बूच काढलंस, चिंधी अजून गुंडाळलेलीच होती, आणि ताटाशेजारी ठेवलंस. आई बुचाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तू घास खाल्लास, पाणी प्यायलास. म्हणालास, "उंद्यापासून बूच मीच लावीन." बस, एवढंच. त्यानंतर त्या विषयावर तू तोंड उघडलं नाहीस, ना घरात ना बाहेर. आईने नंतर एकदा विचारलेलं, की लोकांना खरं का सांगत नाहीस, निदान शिव्या तरी थांबतील. तू म्हणालास, "सांगितला तर बूच कोनी लावला ते इचारतील."

पुढल्या वर्षी गावकीच्या बैठकीत नारळाचा मान दुसऱ्या होडीला दिला. ज्या माणसाला देवाच्या दिवशी गाणंबजावणं सोसत नाही त्याच्या होडीतून नारळ कशाला, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. तू बैठकीतून येऊन जाळं विणायला बसलास. पुढे नऊ वर्षं, अगदी शेवटपर्यंत, तू पौर्णिमेला जेटीवर गेला नाहीस. मी जायचे, पार्टी ऐकायला. तूच पाठवायचास, वर नवे कपडे घालून जा म्हणायचास. आणि मी जायचे, बाबा. काय म्हणावं माझ्यासारखीला.

भीती तेव्हापासून अंगात बसली ती बसलीच. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्ताच्या नळीचं बूच तीन तीनदा दाबते, बरोबरच्या पोरी हसतात. घरातून निघाले की जिन्यावरून परत जाऊन गॅस बघते. लग्नात बेंजो सुरू झाला की मी नकळत गालिच्याच्या कडेला बघते, ओला आहे का. लेक लहान असताना मी तिला एकही काम सोपवलं नाही. साधं दूध आणायला पाठवलं नाही. चूक झाली तर ती आयुष्यभर उरावर घेऊन फिरेल असं वाटायचं. तिला वाटतं आई फार लाड करते.

आता त्या ग्रुपवाल्यांनी ठरवलंय की यंदाच्या पौर्णिमेला पार्टीला पुन्हा तिथेच वाजवायला बसवायचं, तसंच, होडीत. पार्टीतले चार जण उरलेत, साठीच्या पुढचे. ऑक्टोपॅडवाला गेला, त्याच्या जागी पोरगी कोण, तर माझी. नाचत नाचत सांगायला आली. मी हातातलं ताट खाली ठेवलं. मी म्हटलं, जायचं नाही. कारण विचारलं तर कारण नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी एकटी कोलशेतला जाऊन होडी बघून आले. फायबरची आहे, बूच आट्यांचं. होडीवाला पोरगा म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ, मी लावतो ना." मी त्याला विचारलं की ठोकून बघतोस का. तो हसला. तेव्हा मला कळलं, मी काहीही केलं तरी माझी लेक त्या होडीत बसणार आणि मी काठावर उभी राहणार.

म्हणून रविवारी तिला सांगितलं. तो खडूस माणूस तुझा आजोबा. होडीत पाणी शिरलं होतं, त्याने सात माणसं वाचवली आणि तोंडातून शब्द काढला नाही. ती रडली. माझ्यावर चिडली, की तू 'काय माहीत' का म्हणालीस, आपल्या माणसाला असं म्हणतात का? मग तिने ते सगळं ग्रुपवर लिहिलं, मला न विचारता. बाबा, तू बघायला हवं होतंस. ज्यांनी तुला खडूस म्हटलं त्यांनी हात जोडले. टिटवाळ्याच्या त्या माणसाने लिहिलं, करवंटी मीच मारलेली, आज झोप लागणार नाही. कॅसिओवाल्याने आवाजात निरोप पाठवला. थकलाय आवाज. म्हणाला, "माझ्या पायाला पाणी लागलेलं. मी त्यांच्याकडं बघितलं, तर त्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं मला. मी आजवर गप्पच राहिलो." तीस वर्षं मी ज्या पाण्याला घाबरले ते त्यालाही माहीत होतं, आणि तोही घाबरून गप्प होता. यंदा तुझा फोटो होडीत ठेवणार आहेत. जेटीवर माझा सत्कार आहे. मी दोन शब्द बोलायचे आहेत.

मग काल कुणा जुन्या कोळ्याने खाली लिहिलं. पाणी शिरलं म्हणजे तळाचं बूच सुटलं असणार, पण ठोकलेलं बूच आपोआप सुटत नाही, पाण्यात फुगून घट्टच होतं. कुणी लावलेलं ते? त्याला वाईट हेतू नसेल, आपल्या लोकांना होडीचं काही ऐकलं की राहवत नाही. मी लॅबमधून येईपर्यंत लेकीने ते वाचलेलं. मी चपला काढत होते. तिने सहजच विचारलं, "आई, होडीचं बूच कोण लावायचं गं?"

मी म्हटलं, "आजोबाच लावायचे." तिने तेवढंच लिहून टाकलं आणि वर एक शब्दही विचारला नाही. 'उद्यापासून बूच मीच लावीन' असं तू त्या संध्याकाळी म्हणाला होतास ना, बाबा. मी ते फक्त एक दिवस अलीकडे ओढून घेतलं.