परतीचा बाण

राहुरी, गुरुवार, संध्याकाळ

आज दवाखान्यात धाकट्या भावाला देवळातला पेढा दिला नाही. स्वादुपिंडाला सूज आहे, तोंडाने काही द्यायचं नाही. "दादा, परसाद हाय ह्यो, जेवान न्हाई! देवालाबी शिकवतो का आता?" म्हणाला. प्रसाद असला तरी पोटाला तो घासच. घास पोटात गेला की स्वादुपिंडाच्या पेशीतलं कॅल्शियम साठ्यातून सुटतं, पाचकरस बाहेर पडतो, कॅल्शियम पुन्हा साठ्यात जातं. त्याच्या पेशींत ते परतत नाही, म्हणून रस आतच पेटतो आणि पेशीलाच पचवतो. कॉलेजात शिकवताना इतकी वर्षं फळ्यावर कॅल्शियम सुटण्याचा बाण काढला. परतीचा काढायच्या आत तास संपायचा. फार थकलोय. पेढा त्याच्या कपाळाला लावून खिशात ठेवला, मीही खाल्ला नाही. देवा, तो परतीचा बाण तेवढा तू काढ.