बाक बदलला तेव्हा

ताई,

हेही पत्र मी टाकणार नाही, माहीत आहे.

पहिलीच्या पोरांना शिकवून मेटाकुटीला आलेय. कुणी कुणाला चिडवलं तर त्याच्याशेजारी जाऊन बसा, म्हणून महिनाभर घसा कोरडा करतेय. आज चष्मेवालीला सगळे "ढापणी, ढापणी" करत होते. वर्गातली सगळ्यात चिमुरडी दप्तर घेऊन उठली, तिच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "आता मलापण म्हणा."

मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "बाई, तुम्हीपण लहानपणी अशाच बसायच्या ना?"

मी "हो" म्हणाले.

तू नापास होऊन माझ्या वर्गात आलीस, पोरं तुला "आजीबाई" म्हणायला लागली, तेव्हा दप्तर मीही उचललं होतं. तुझ्या बाकावरून उठायला.

घरी तूच आईला सांगितलंस, "तिला तिथून फळा दिसत नव्हता गं."

तुझी धाकटी