हजारात एकसष्ट

३ जून, सोमवार
मॅडमनी लॅबमध्ये नवं मशीन आणलं, सोबत ते चालवायला एक बाई. रक्तातल्या कोवळ्या लाल पेशी म्हणे ते एका मिनिटात मोजतं. हे काम सव्वीस वर्षं मी करतोय, मायक्रोस्कोपला डोळा लावून. निळा रंग घातला की कोवळ्या पेशीत ठिपके उठतात, जुन्या पेशीत नाही. हजारात ठिपकेवाल्या किती, ते मोजायचं. निरोगी माणसात साधारण दहा. मॅडम म्हणाल्या, आठवडाभर मशीन आणि तुम्ही, दोघंही मोजा. मशीन चुकलं तर परत पाठवू. नाहीतर तुम्ही पुढे काउंटरवर, नळ्यांना लेबलं लावायला.
मशीनची कीव येते.

त्याच दिवशी, दुपारी
टेबल डुगडुगतं. फिल्टर पेपरचं पाकीट त्याच्या एका पायाखाली सारलं. फिट बसलं. रंग रोज त्या पेपरातून गाळून घ्यावा असा नियम आहे, पण नियम शिकाऊ लोकांसाठी.

५ जून
मशीन: अकरा. मी: अठ्ठेचाळीस. मशीनला चष्मा लागलाय, असं मशीनवाल्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, बघू या. बिचाऱ्या.

६ जून
मशीन नऊ, मी बावन्न. पेशंट एक ऐंशीच्या आजी. या वयात हाडं इतकं ताजं रक्त बनवतात, कमाल आहे. सध्या सगळ्यांचंच रक्त जोमात आहे. हवा मानवली असेल.

७ जून
सहज स्वतःचं रक्त तपासलं. एकसष्ट! वय सत्तावन्न आणि रक्त विशीतलं. संकल्प: (१) लिफ्ट बंद. चार मजले जिन्याने. (२) केस रंगवणं बंद. गरज नाही.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तरुण झालाच आहात तर माळ्यावरची ट्रंक खाली काढा. जळते.

८ जून
गुडघे धरलेत. ताजं रक्त गुडघ्यापर्यंत पोचायला वेळ लागत असणार. ट्रंक माळ्यावरच.

१० जून, सकाळी
आज निकाल. खरं सांगायचं तर थोडी भीती वाटते. या खुर्चीशिवाय मला कुठे बसता येत नाही.

१० जून, संध्याकाळी
मॅडमनी माझ्या मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ पाहत होत्या. कौतुक वाटलं असेल, असं मला वाटलं. मग म्हणाल्या, ठिपके पेशींच्या बाहेरही आहेत, नुसत्या काचेवर. रंग शेवटचा कधी गाळला होता?
मी टेबलाच्या पायाकडे पाहिलं. दुर्दैवाने त्यांनीही पाहिलं.
वाकून पाकीट काढलं. उठताना मशीनवाल्या बाईंनी हात दिला. रंग गाळला, माझंच रक्त पुन्हा घेतलं, डुगडुगत्या टेबलावर हजार पेशी मोजल्या. दहा. मशीनवरही दहा.
सव्वीस वर्षांची नजर आहे, उगाच नाही. मी म्हणालो, "बघा मॅडम, मशीनच्या तोडीस तोड."
मॅडम म्हणाल्या, "हो ना. म्हणजे मशीन बरोबर आहे."

११ जून
काउंटर. एकशे बारा लेबलं. तीन तिरकी.
घरी लिफ्टने आलो. येताना केसांचा रंग आणला. पाकिटावरच्या सूचना दोनदा वाचल्या.