पाठीमागे झालेला गोल

प्रिय शिट्टीताई,

तुमचं खरं नाव मला अपघाताच्या फॉर्मवर वाचून कळलं, पण त्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नाही. दोन बोटं तोंडात घालून तुम्ही जी शिट्टी मारता ती पार गेटापर्यंत ऐकू येते, म्हणून आम्ही सुरक्षेच्या बायका तुम्हाला हेच म्हणतो. मनगट कसंय? प्लॅस्टर ओलं होऊ देऊ नका हो. बसचं स्टिअरिंग हातात यायला अजून दीड महिना लागेल असं तुम्ही म्हणालात, तेव्हापासून रस्त्यात बस दिसली की मी मान फिरवते. हे पत्र चौथ्यांदा लिहितेय, आधीची तीन फाडली. उद्या अकरा वाजता क्लबच्या ऑफिसात किल्लीवाल्या काकांची सुनावणी आहे. त्यांना मैदानात कायमची बंदी घालायची का, ते ठरणार. त्याआधी हे तुमच्या हातात पडायलाच हवं, म्हणून लेकीला तुमच्या दारापर्यंत पाठवतेय.

तुम्ही मला नेहमी समोरूनच पाहिलंत. तुमचे पिवळे एका बाजूला, काकांचे निळे दुसऱ्या बाजूला, मध्ये तो लोखंडी कठडा आणि कठड्याच्या पायथ्याशी मी. आमचा नियम एकच: तोंड माणसांकडे, पाठ मैदानाकडे. नऊ वर्षं मी एकही मॅच चुकवली नाही आणि एकही मॅच पाहिली नाही, बोला आता! घरी गेले की लेक विचारते, आई, गोल कसा झाला? आणि मी तिला तुमचे चेहरे सांगते. तुम्ही ओठ चावलेत म्हणजे कॉर्नर. काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं म्हणजे त्यांच्या बचावफळीने माती खाल्ली.

तुमची पहिली मॅच मला लख्ख आठवते. मागच्या रांगेतले तुमचेच पिवळे तुम्हाला छळत होते, बाई, ऑफसाइड म्हणजे काय ते सांगा, मग बसा. तुमचे कान लाल झाले होते. मी दोन पावलं तुमच्याकडे सरकले, कारण अशा थट्टेचं पुढे काय होतं ते मी दर मॅचला पाहते. तेवढ्यात कठड्यापलीकडून काका ओरडले, तिला कशाला विचारता, तुमच्या फॉरवर्डला विचारा, त्याला जन्मात कळलेलं नाही! दोन्ही बाजू हसल्या. तुम्ही वळून काकांनाच झापलंत, आमच्या फॉरवर्डचं नाव काढायचं काम नाही. झालं, तिथून तुमची गट्टी जमली. मग काय, दर मॅचला तुमची तोंडं चालू. घसा बसला की त्यांच्या खोकल्याच्या गोळ्या कठड्यावरून तुमच्याकडे यायच्या. वस्तू पलीकडे द्यायला बंदी आहे, पण तेवढ्यापुरती मी आकाशात ढग मोजायची. तुम्ही दूरच्या त्या एकुलत्या एका बायकांच्या स्वच्छतागृहाकडे गेलात की जागेवर मी माझी टोपी ठेवायची, आणि कुणी बसायला आला की काका पलीकडून भुंकायचे. खरं सांगते, मला तुमचा हेवा वाटायचा.

तुमचं मनगट मोडलं त्या दिवशी शेवटच्या मिनिटाला असं काही झालं जे मी नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. दोन्ही बाजू एकदम गप्प. निळे, पिवळे, सगळ्यांची तोंडं उघडी, सगळ्यांची मान हळूहळू वर जातेय. ताई, मी वळले. तीन सेकंद, फार तर चार. पुन्हा तोंड फिरवलं तेव्हा मागची गर्दी पुढे कोसळली होती, तुम्ही पायऱ्यांवर पडला होतात, आणि काका कठड्यावरून अर्धे वाकले होते. तुमच्या जर्सीची बाही त्यांच्या मुठीत होती. आमचे साहेब धावत आले, कुणी केलं हे, म्हणून खेकसले. पाहिलं नाही म्हटलं असतं तर बघत कुठे होतीस हा पुढचा प्रश्न होता. माझ्या तोंडातून निघून गेलं, त्यांनी ढकललं. काका चिडले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, बाई, तुम्ही तर इकडेच बघत होता ना? आणि मी खाली मान घालून फॉर्म भरला. कॅमेऱ्यापुढे झेंडे होते, त्यामुळे आता सगळं त्या माझ्या एका ओळीवर आहे.

दवाखान्यात मी संत्री घेऊन आले होते ना, ती हे सांगायलाच. पण तुम्ही माझा हात धरून रडलात. म्हणालात, एवढ्या पुरुषांत एक बाई डोळे उघडे ठेवून उभी होती म्हणून कळलं, नाहीतर मी त्या माणसाला भाऊ समजत राहिले असते. त्यांचा फोनही घेत नाही म्हणालात. संत्री सोलून दिली आणि चोरासारखी निघून आले. लाज वाटते हो, फार लाज वाटते.

काल मी काकांच्या दुकानात गेले. किल्ली करून घ्यायचं निमित्त. मला वाटलं, हाकलून देतील. त्यांनी कानस चालवता चालवता आधी तुमचं मनगट विचारलं, उजवं की डावं तेही विचारलं. मग किल्ली माझ्या हातात ठेवली आणि अगदी सहज म्हणाले, तो गोल कसा झाला हो? सगळं गाव त्याच्याबद्दल बोलतंय आणि मी पाहिलाच नाही, चेंडू वर असतानाच शिट्टीचा पाय सटकला. ताई, मी तिथे उभी राहून त्यांना तो गोल सांगितला. अर्ध्या मैदानावरून मारलेला, गोलकीपरच्या डोक्यावरून, वारा लागून किंचित वळलेला. पहिल्यांदाच मला कुणाचा चेहरा न सांगता गोल सांगता आला. ते मन लावून ऐकत होते. मी थांबले तेव्हा आम्हा दोघांनाही कळलं होतं की मी काय बोलून बसले. ते कानस पुसत राहिले. उद्या ऑफिसात मला विचारतील, तुम्ही काय पाहिलंत? मी गोल पाहिला म्हणून सांगणार आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. पण तुम्ही हे आधी माझ्याकडून ऐका: त्या दिवशी अख्ख्या मैदानात तुमच्याकडे बघणारं एकच माणूस होतं, आणि ती मी नव्हते.

तुमचीच, माफी मागायलाही धीर नसलेली,
कठड्याजवळची जॅकेटवाली