वितीएवढं अक्षर

जबलपूर, ३ फेब्रुवारी २००४

प्रिय ताई, सलाम.

नाताळानंतर पत्र नाही, माफ कर. तब्येत ठीक आहे. आईचा गुडघा कसा आहे?

कॉलेजात बायबलचा मूळ हिब्रू पाठ शिकवायला कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं आणि निवड माझ्यावर आली. प्रोग्रॅम दोन आहेत. एकात शब्दांचे अर्थ हिंदीत येतात, मुलांना सोपं. दुसऱ्यात अर्थ इंग्रजीत, पण अक्षर हवं तेवढं मोठं होतं. मला दुसरा घ्यावासा वाटत होता. मुलांसाठी की माझ्या डोळ्यांसाठी, हे स्वतःलाच विचारून राहिलो होतो.

आज राइट टाउनच्या दुकानात तो लावून पाहिला. अक्षर वितीएवढं केलं. हिब्रूत अक्षराखालच्या टिंबांवरून उच्चार कळतो. ती टिंबं मला दिसली नाहीत.

दुकानदार हसत म्हणाला, "सरजी, इससे बड़ा करेंगे तो अक्षर दीवार पर चला जाएगा."

मीही हसलो. आईला यातलं काही सांगू नकोस. मे महिन्यात येईन तेव्हा तिला नेहमीसारखी स्तोत्रं वाचून दाखवीन. बरीचशी पाठ आहेत.

तुझा,
शांतवन

(त्याच रात्री, स्वतःच्या डायरीत) उद्याचं काम: दुकानात जाऊन हिंदी अर्थांचा प्रोग्रॅम घेतो म्हणून सांगणे.