चंद्राची दुसरी चिठ्ठी

मंगळवार, ९ डिसेंबर २००३
मागच्या पानावर लिहिलंय, 'चंद्राच्या वडिलांनी तिला शाळेतून काढलं.' हे अर्धंच खरं. खाडाखोड करत नाही, इथे दुरुस्त करते. शुक्रवारी पोलादपूर स्टँडवर ते भेटले. डोक्यावर पेंडीचं पोतं. ते खाली न ठेवताच म्हणाले, "बाई, दीड तास डोंगर उतरून येती पोर. इंग्लिस जमंल ना तिला?"
मी म्हटलं, "कच्ची आहे हो. झेपणार नाही."
"मंग म्हशीच राखंल."
माझी गाडी लागली होती. चढले.

बुधवार, १० डिसें.
मूळ गोष्टही लिहून ठेवते, नाहीतर उद्या तीही बदलेन.
सहावीच्या वर्गात दोन डबे ठेवते, नामाचा नि विशेषणाचा. इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या मुलांनी त्यात टाकायच्या. पद्धत अण्णांची, माझ्या वडिलांची. ते कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. मला शाळेत घालण्याआधी बिरवाडीच्या घरात इंग्रजी शिकवलं ते असंच: "एका मालाला एकच फळी." बुक, रिव्हर, बफेलो या डब्यात. बिग, ब्लॅक, कोल्ड त्या.
गेल्या बुधवारी चंद्रा कोल्डची चिठ्ठी धरून उभी राहिली. "बाई, ही अजून एक लिवा. दोनी डब्यांत जाती."
"कोल्ड वॉटर. पाणी कसं? थंड. विशेषण. टाक."
"पन आजीच्या खोकल्याच्या बाटलीवर कोल्ड लिवलंय. फुडं पानी नाय, काय नाय. सर्दीलाच म्हनतात ना कोल्ड? मंग ते नाम झालं."
मी म्हटलं, "बाटल्या वाचून इंग्रजी येत असतं तर सगळे कंपाउंडर साहेब झाले असते." वर्ग हसला. तास संपेपर्यंत तिला उभी ठेवली, चिठ्ठी हातात.
रडली नाही. जाताना चिठ्ठी दोन डब्यांच्या मधोमध ठेवून गेली.

गुरुवार, ११
काल एक लिहायचं राहिलं. राहिलं नाही, ठेवलं. वर्गात ते झालं त्याच संध्याकाळी डिक्शनरी उघडली होती. कोल्ड: विशेषण. खाली, नाम. सर्दी.
म्हणजे स्टँडवर बोलले तेव्हा मला माहीत होतं. ती परत आली असती तर तो प्रश्नही परत आला असता, म्हणून—

शनिवार, १३
सकाळची शाळा. चंद्राचा गैरहजेरीचा सातवा दिवस. मुख्याध्यापक म्हणाले, "वाडीवरच्यांचं असंच असतं, मनाला लावून घेऊ नका." मी मान हलवली. का हलवली?

रविवार, १४
अण्णा ओटीवर वाल सोलत बसले होते. शेजारी बसून चंद्राच्या कोल्डचं सांगितलं नि त्यांच्या 'एकच फळी'बद्दल विचारलं. खरं तर विचारायचं नव्हतं, चूक त्यांच्या माथी मारायची होती.
ते हसले. "अगो, एकच बोल्ट दोन मशिनींना लागायचा. तेव्हा मी स्टोअरची कार्डं दोन करायचो. तू पाच वर्षांची होतीस म्हणून एकच फळी म्हटलं. चोवीस वर्षांची झालीस, पोरांनापण तेच शिकवतेस?"
मग म्हणाले, "हुशार दिसते पोर. शाबासकी दिलीस ना?"
मी वाल सोलत राहिले. सालं नि डाळिंब्या एकाच ताटलीत टाकत होते. त्यांनी ते पाहिलं नि सालं वेगळी काढू लागले.

बुधवार, १७
वाडीवरची संगी पाचवीत आहे. तिला विचारलं. "चंद्री व्हय? तिला येत्या मंगळवारी मावशीकडं धाडनार. कशेडी घाटाच्या पल्याड. मावशीचं बाळ हाय ना, ते बघायला."
"चंद्रा काय म्हणते?"
"काय नाय. बाईच म्हनल्या, जमनार नाय, म्हनं."

शुक्रवार, १९
काल तिच्या वडिलांना पत्र लिहिलं, संगीबरोबर धाडायला. तीनदा वाचलं. चांगलं उतरलं होतं. मग आठवलं, त्या घरात वाचता येणारी एकटी चंद्राच. तिचा न्याय तिनेच बापाला वाचून दाखवायचा? नि मी इथे बसून राहायचं.
फाडलं.

शनिवार, २०
उद्या वाडीवर जायचं. संगी पायथ्याच्या विहिरीपाशी थांबणार आहे. सातची पोलादपूर गाडी. अण्णा म्हणाले, "डोंगर चढायचाय, चप्पल नको, बूट घाल." कशाला जातेय ते सांगितलंय. सगळं सांगितलंय.
वाक्य पाठ करतेय: 'चंद्रा बरोबर होती. मला ते कळल्यावरही मी तुम्हांला उलट सांगितलं.' दुसरा भाग आला की जीभ अडते.
ते म्हणतील, आता मावशीला शब्द दिलाय. मग काय बोलायचं, ते पाठ नाही.
कोल्डची दुसरी चिठ्ठी लिहून पर्समध्ये ठेवली आहे. ती डब्यात मी टाकणार नाही. आली तर तिनेच टाकायची, वर्गासमोर.
उद्या. रविवार, २१ डिसेंबर २००३.