शोकेसमधली मायाक्का

नवी पेठ, सोलापूर
ता. १८ जून १९७४

तीर्थरूप आबासाहेब मामांच्या पायांवर भाचा जोतीराम याचं डोकं.

आपण आणि मामी खुशाल असाल, आपला गुडघा केम स्टेशनापर्यंत साथ देत असेल आणि म्हैस पुन्हा शेजाऱ्याच्या कडवळात शिरली नसेल, अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम आहे. अब्रू तेवढी पंधरवडाभर अंथरुणाला खिळली होती, तीही आता पेज घेऊ लागली आहे.

मामा, आम्हा फोटोवाल्यांची रीत आपल्याला ठाऊक आहे. फोटो चांगला उतरला की मोठा करून दारातल्या शोकेसमध्ये लावायचा. विचारायचं कुणी नाही. उलट लोक पाहुण्यांना घेऊन येऊन आपलं तोंड दाखवतात. तर मायाक्का नावाची एक मुलगी फोटो काढायला आली. गाव सांगोल्याकडचं, इथे आत्याकडे राहून मॅट्रिक झालेली. नर्सिंगच्या फॉर्मला फोटो हवा होता, आणि गावी वडिलांना अजून काही सांगितलेलं नाही, निवड झाली की सांगेन, तोवर कुठं बोलू नका, असं तिनं मला बजावलं होतं. फॉर्मवरच्या फोटोत हसायचं नसतं. पण मी दिव्याच्या वायरीत पाय अडकून पडद्यासकट खाली आलो, ती खळखळून हसली, आणि मी पडल्या पडल्या हातातल्या केबलचं बटण दाबलं. (कॅमेरा स्टँडवर होता म्हणून वाचला. माझं कोपर वाचलं नाही.) असा फोटो माझ्या हातून आजवर निघाला नव्हता. मिटल्या ओठांचा फॉर्मला गेला आणि हसरा शोकेसमध्ये, गदावाला पैलवान आणि बारशाचं बाळ यांच्या मधोमध. तिचं गुपित तोवर मी कुणापाशी बोललो नव्हतो, हे मात्र शपथेवर सांगतो. फक्त तिचं तोंड तेवढं भर पेठेत टांगलं.

पुढच्याच मंगळवारी तिचे वडील धुळाप्पा बाजाराला मेंढरं घेऊन आले आणि काचेपुढे उभे राहिले ते राहिलेच. मग आत येऊन म्हणाले, "ही माजी पोरगी हितं कशी?" मला वाटलं, बाप खूश झाला. मी कौतुकानं सांगून टाकलं की पोरगी लवकरच नर्स होणार. (मामा, काही माणसांच्या तोंडालाही झाकण हवं. देवानं ते फक्त कॅमेऱ्याला दिलंय.) धुळाप्पा ओरडले नाहीत. बाहेर जाऊन काचेकडे पाठ करून, खांद्यावरचं घोंगडं दोन्ही हातांनी पसरून उभे राहिले. दिवेलागणीपर्यंत ज्यानं ज्यानं शोकेस बघितली त्याला धुळाप्पाच दिसले, आणि एकही गिऱ्हाईक आत आलं नाही. फोटो मी केव्हाच उतरवला होता, पण निगेटिव्ह हातात पडल्याशिवाय हलणार नाही आणि पोरीलाही गावी घेऊन जाणार, असं त्यांनी जाहीर केलं. म्हणजे माझ्या शोकेसपायी तिचं शिक्षण जाणार होतं, म्हणून निगेटिव्ह द्यायला मी आज-उद्या करत राहिलो. मामा, दोन दिवस मला घास गोड लागला नाही.

त्याच रविवारी आमच्या संघटनेचा परिसंवाद होता. विषय, गिऱ्हाईकाचा खासगीपणा. (वर्षभर लांबणीवर टाकलेला. दर वेळी अल्पोपाहारातच सभा संपायची.) अध्यक्ष अण्णाराव, सगळ्यांत जुन्या स्टुडिओचे मालक. त्यांनी सांगितलं की चेहरा गिऱ्हाईकाचा, पण उजेड आपला आणि काच आपली, तेव्हा दोन विरुद्ध एक. मी उठून म्हणालो, लावण्याआधी विचारावं. त्यावर एकानं विचारलं, बारशाच्या बाळाला कसं विचारायचं? दुसऱ्यानं विचारलं, मेलेल्याला कसं विचारायचं? मेलेल्यांवर अर्धा तास गेला. निगेटिव्हसाठी माझ्या मागोमाग आलेले धुळाप्पा तेवढ्यात उभे राहिले. पोरगी माझी, म्हणून फोटो माझा, एवढंच ते बोलले आणि टाळ्या पडल्या. अण्णारावांनीसुद्धा मान डोलावली.

तेव्हा मागच्या बाकावरून मायाक्का उठली. (निरोप मीच धाडला होता. आत्या सोबत होत्या.) म्हणाली, "फोटोवाल्यानं मला इचारलं न्हाय. आन् आप्पा, तुमीबी इचारलं न्हाय. तोंड माजं हाय की." धुळाप्पा तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "बरं, आता इचारतो. काय करायचं म्हंतीस?" ती म्हणाली, "शिकायचंय." धुळाप्पांनी डोक्यावरचा पटका काढला, पुन्हा बांधला आणि म्हणाले, "शीक मग. सुट्टीला तेवढं गावाकडं यायचं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मामा. लपवत नाही.

ज्याचा चेहरा त्याची परवानगी, असा ठराव झाला. एकटे अण्णाराव विरोधात होते. त्याच संध्याकाळी त्यांच्या मंडळींनी लग्नापासून काचेत असलेला आपला फोटो उतरवून घेतला. माझीही शोकेस रिकामी झाली. पैलवान म्हणतो, आता पोट सुटलंय, नको. बाळाच्या आईला दृष्टीची भीती. लोक काचेत बघून आपला भांग पाडतात आणि पुढं जातात.

मामींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

आपला,
जोतीराम

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण असं की, जत्रेतला आपला फेट्यातला फोटो शोकेसमध्ये लावायची परवानगी सहीनिशी पाठवावी. त्यात शेजारी मामीही आहेत. त्यांना वेगळं विचारा. "तिला काय विचारायचंय" असं म्हणू नका; त्याचं काय होतं ते मी भर सभेत पाहिलंय.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच मायाक्का आणि धुळाप्पा आले. तिला प्रवेश मिळाला. मी निगेटिव्ह कागदात गुंडाळून तिच्या हातात दिली, वडिलांच्या नव्हे. तिनं रिकाम्या शोकेसकडे पाहिलं आणि म्हणाली, "लावा की त्यो हसराच. दिवाळीपतोर. मग परत इचारायचं." तेव्हा मामा, परवानगी पाठवू नये, जागा भरली. दिवाळीनंतर मला सांगोल्याकडे विचारायला जावं लागणार. फोटोचं मी माझं विचारीन, पण आणखी एक गोष्ट विचारायची आहे आणि ती एकट्यानं विचारणं बरं दिसत नाही. त्या वेळी तुम्ही स्वतःच या.